रिपोर्ट निगेटिव्ह, माणूस गेला: मोजणीबाहेर राहिलेल्या मृत्यूंचा इतिहास

रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, हे वाक्य विज्ञानाने कधीच म्हटलेले नाही. ते कारकुनाने म्हटले, रुग्णालयाच्या काउंटरने म्हटले, विमा कंपनीने म्हटले आणि शेवटी सरकारी आकड्यांनीही म्हटले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या एका वाक्याने हजारो घरांचे नुकसान केले. आज करोनाचा विषय काढला की लोक म्हणतात, झाले गेले विसरून जा. पण ज्यांचा माणूस गेला आणि ज्यांच्या हातात "निगेटिव्ह" लिहिलेला एक कागद तेवढा उरला, त्यांनी काय विसरायचे?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही अशा फायली पुष्कळ पाहिल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एचआरसीटीचा रिपोर्ट, त्यात दोन्ही फुप्फुसांत डाग असल्याची नोंद. ऑक्सिजनची आणि इंजेक्शनांची बिले. मृत्यूच्या कारणात "न्यूमोनिया" किंवा "श्वसनक्रिया बंद पडणे". आणि त्यासोबत आरटी-पीसीआर निगेटिव्ह. घरचे विचारतात, "साहेब, मग आमचा माणूस कशाने गेला?" हा प्रश्न वैद्यकीय आहे, पण तेवढाच नाही. आजारी कोण आणि मेला कशाने, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, असा तो प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचा इतिहास करोनापेक्षा खूप जुना आहे.

स्वॅब काय सांगतो आणि काय सांगत नाही

आधी विज्ञान समजून घेऊ, कारण भावनेच्या भरात बोललो तर समोरचा आपल्याला अडाणी ठरवून मोकळा होतो.

आरटी-पीसीआर ही उत्तम चाचणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणूचे अंश नमुन्यात होते, हे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पण निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ एवढाच की त्या दिवशी, त्या काडीवर, त्या जागेतून घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला नाही. काडी नीट आत गेली नसेल, नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत थंड राहिला नसेल, चाचणी फार लवकर किंवा फार उशिरा झाली असेल, तर रोग असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

हे आमचे मत नव्हे. २०२० मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी निरनिराळ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून मांडणी केली होती. लागण झाल्यानंतर चौथ्या दिवशी चाचणी केली तर सुमारे ६७ टक्के बाधितांचा रिपोर्ट चुकीने निगेटिव्ह येण्याची शक्यता. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के. लक्षणांनंतर तीन दिवसांनी हे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे २० टक्के. त्यानंतर ते पुन्हा वाढत जाते. म्हणजे अगदी योग्य दिवशी चाचणी केली तरी पाच बाधितांतला एक सुटतो.

नमुना कुठून घेतला यावरही निकाल अवलंबून असतो. चीनमधल्या रुग्णांच्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या आतून घेतलेल्या द्रवाचे ९३ टक्के नमुने पॉझिटिव्ह निघाले, नाकातले ६३ टक्के आणि घशातले फक्त ३२ टक्के. रोग फुप्फुसात उतरलेला असतो आणि आपण त्याला घशात शोधत असतो. जो माणूस आठ-दहा दिवस अंगावर ताप काढून, रोजंदारी बुडू नये म्हणून कामावर जाऊन, दम लागल्यावरच दवाखान्यात पोहोचतो, त्याची काडी निगेटिव्ह येण्याची शक्यता अधिक. उशीर हा गरिबाचा रोग आहे, आणि चाचणी त्याच उशिराची शिक्षा त्याला देते.

रॅपिड अँटिजेन चाचणीचे तर विचारूच नका. जून २०२० मध्ये आयसीएमआरने पहिल्या अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हा तपासणीत तिची रोग पकडण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. म्हणूनच लक्षणे असलेल्याची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावीच, असे त्याच सूचनेत लिहिले होते. शास्त्रज्ञांनी मर्यादा सांगितली होती. ती मर्यादा खाली पोहोचली नाही, "निगेटिव्ह" हा शब्द तेवढा पोहोचला.

यंत्र तटस्थ असते, हा समजही तपासून पाहा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर घसरलेला असताना ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतो, हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होते. यंत्राला वंशद्वेष कळत नाही. पण ते कोणाच्या बोटावर तपासून बाजारात आणले गेले, हे समाजच ठरवतो.

वुहान: निगेटिव्हांचा पहिला मोठा हिशेब

हा गोंधळ पहिल्यांदा उघड झाला तो वुहानमध्ये. ली वेनलियांग हे तिथल्या रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी सहकारी डॉक्टरांना नव्या आजाराबद्दल सावध केले, म्हणून पोलिसांनी बोलावून त्यांच्याकडून अफवा पसरवल्याच्या कागदावर सही घेतली. जानेवारीत ते स्वतः आजारी पडले. रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या चाचण्या अनेकदा निगेटिव्ह आल्या. जानेवारीच्या अखेरीस कुठे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. रोगाचा इशारा देणाऱ्या डॉक्टरलाही आपला रोग कागदावर सिद्ध होण्यासाठी आठवडे थांबावे लागले. तिथे सामान्य कामगाराची काय कथा!

त्या दिवसांत वुहानमध्ये किट अपुरी होती. दम लागलेली माणसे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होती. वुहानच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या १०१४ रुग्णांच्या अभ्यासात ६०१ जणांची चाचणी पॉझिटिव्ह होती, पण छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ८८८ जणांत न्यूमोनियाची खूण दिसली. चाचणी निगेटिव्ह असलेल्या ४१३ जणांपैकी ३०८ जणांचा स्कॅन रोगाकडे बोट दाखवत होता. सीटी स्कॅनही चुकतो, दुसऱ्या न्यूमोनियातही तसे डाग दिसू शकतात, हे खरे. तरीही चारातल्या तीन निगेटिव्ह माणसांना "काही नाही, घरी जा" म्हणणे कोणत्या शास्त्रात बसते?

अखेर हुबेई प्रांताने व्याख्या बदलली. चाचणी नसली तरी लक्षणे, संपर्क आणि स्कॅन पाहून डॉक्टरने निदान केले तर तो रुग्ण धरायचा. परिणाम काय झाला? १२ फेब्रुवारी २०२० या एका दिवसाच्या आकड्यात १४,८४० नवे रुग्ण दाखवले गेले, त्यातले १३,३३२ केवळ डॉक्टरांच्या निदानावर मोजलेले होते. त्या दिवशी जाहीर झालेल्या २४२ मृत्यूंपैकी १३५ याच प्रकारचे होते. एका रात्रीत रोग वाढला नव्हता. ती माणसे आधीपासून खाटांवर होती, रांगेत होती, काही चितेवर गेली होती. बदलली ती फक्त व्याख्या. आठवडाभरातच ही व्याख्या पुन्हा बदलली आणि आकडा पुन्हा खाली आला. पुढे १७ एप्रिलला वुहानने आपल्या मृत्यूंच्या यादीत १,२९० नावांची भर घातली.

न्यूयॉर्क शहरानेही १४ एप्रिल २०२० रोजी ३,७७८ "संभाव्य" मृत्यू वेगळे मोजून जाहीर केले. या सगळ्यांची चाचणी झालेली नव्हती, पण मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने करोना किंवा तत्सम कारण लिहिले होते. एका बाजूला एकपक्षीय चीन, दुसऱ्या बाजूला भांडवली अमेरिका. दोघांनाही कबूल करावे लागले की प्रयोगशाळेचा शिक्का नसलेला मृत्यूही मृत्यूच असतो.

आपल्याकडे नियम एक, व्यवहार दुसरा

भारतात नियमच नव्हते असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने करोनासाठी दोन संकेतांक दिले होते. यू ०७.१ म्हणजे चाचणीने सिद्ध झालेला आणि यू ०७.२ म्हणजे विषाणू सापडला नाही पण लक्षणे व संपर्क पाहून डॉक्टरने निदान केलेला. २०२० मध्ये आयसीएमआरच्या संस्थेने मृत्यूनोंदणीसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही हा दुसरा संकेतांक होता. म्हणजे निगेटिव्ह पण संशयित अशा मृत्यूसाठी कागदावर जागा होती. परंतु रोज संध्याकाळी टीव्हीवर झळकणाऱ्या आकड्यांत मोजले गेले ते चाचणीने सिद्ध झालेलेच.

सिद्ध झालेलेही सगळे वेळेवर मोजले गेले नाहीत. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधीच्या काळातले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे होते. ज्यांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट होता त्यांची ही गत, तर निगेटिव्हवाल्यांच्या बाजूने कोण उभे राहणार?

आता रुग्णालयाच्या दाराशी चला. एप्रिल २०२० च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे करोना केंद्रांत संशयित आणि सिद्ध रुग्णांसाठी वेगवेगळ्या जागा असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काय झाले ते दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी पाहिले. करोना रुग्णालय म्हणते, पॉझिटिव्ह रिपोर्ट आणा. साधे रुग्णालय म्हणते, ही लक्षणे करोनाची आहेत, आम्ही घेणार नाही. रिपोर्टला दिवस लागतात. मधल्या वेळेत रुग्ण रिक्षात, रुग्णवाहिकेत, व्हरांड्यात. ज्याच्या ओळखीचा नगरसेवक आहे, डॉक्टर पाहुणा आहे, त्याला रिपोर्टआधी खाट मिळते. ज्याचे कोणी नाही, त्याच्यासाठी नियम.

८ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने धोरण बदलले आणि स्पष्ट लिहिले की करोना केंद्रात दाखल होण्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट अनिवार्य नाही, संशयिताला संशयितांच्या वॉर्डात घ्यावे, आणि त्या शहरातले ओळखपत्र नाही म्हणून कोणालाही नाकारू नये. वाचायला चांगले वाटते. पण तारीख पाहा. त्याच आठवड्यात देशात दिवसाला ४ लाखांच्या वर नवे रुग्ण नोंदले जात होते. घर पेटून छप्पर कोसळत असताना विहिरीचे कुलूप उघडावे, तसा हा आदेश. आणि हा आदेश काढावा लागला, यातच दवाखान्यांच्या दाराशी तोवर काय चालले होते याची कबुली आहे.

दुसरा मुद्दा सफाई कामगारांचा आणि वॉर्डातल्या मावशी-मामांचा. २६ मार्च २०२० रोजी केंद्राने आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. त्या घोषणेत सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय, आशा सेविका यांची नावे मुद्दाम घेतली गेली. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. पण दाव्यासाठी जी कागदपत्रे मागितली, त्यात चाचणी पॉझिटिव्ह असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला होता. म्हणजे बेडपॅन उचलणारी, शव बांधणारी, वॉर्ड पुसणारी बाई दम लागून गेली आणि तिचा स्वॅब निगेटिव्ह असला, तर तिच्या मुलांनी ५० लाखांचे स्वप्न विसरायचे. संरक्षणाचे किट जिथे वॉर्ड पाहून वाटले गेले, तिथे "निगेटिव्ह" वॉर्डातल्या कामगाराला साधा मास्क मिळाला. रोगाला वॉर्डाची पाटी वाचता येत नाही. ही कामे आपल्या देशात कोणत्या जातींच्या वाट्याला येतात, हे या लेखाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

प्लेग आणि इन्फ्लुएन्झा: आपल्या पूर्वजांचे निगेटिव्ह

आता मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. गल्लोगल्ली त्याची चाचणी करणे शक्य नव्हते. जांघेत किंवा काखेत गाठ दिसली तर प्लेग, नाहीतर ताप. पण प्लेगच्या काही प्रकारांत गाठ येतच नाही, रोग थेट रक्तात किंवा फुप्फुसात उतरतो. शिवाय प्लेग जाहीर केला की घर रिकामे करणार, सामान जाळणार, बायामाणसांना उचलून छावणीत नेणार, या भीतीने लोक लपवत होते. त्यामुळे मुंबईच्या नोंदवह्यांत ताप आणि छातीचे विकार या नावाखालचे मृत्यू अचानक फुगले. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही कळत होते की यातले पुष्कळसे प्लेगचेच आहेत. नेहमीच्या वर्षी किती मरतात आणि यंदा किती मेले, यातला फरक काढून ते अंदाज बांधत. आज ज्याला आपण "अतिरिक्त मृत्यू" म्हणतो, ती पद्धत अशी जुनी आहे.

त्याच प्लेगमध्ये, १८९७ साली, पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले यांनी ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीमाई स्वतः रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळले, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या घटनेकडे आपण फक्त त्याग म्हणून पाहतो. तिच्यात वैद्यकीय नीतीही आहे. आधी रुग्णाला दवाखान्यात आणायचे, खात्री नंतर करायची. याच वर्षाच्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. १२३ वर्षांनी करोनातही राज्य सरकारांनी तोच कायदा बाहेर काढला. कायदा टिकला, सावित्रीमाईंची नीती मात्र जयंतीच्या बॅनरवर राहिली.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात तर चाचणी असण्याचा प्रश्नच नव्हता. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ साली. भारतातले बहुतेक मृत्यू गावच्या नोंदीत "ताप" म्हणून चढले. नंतरच्या अभ्यासकांनी देशातले बळी सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत मांडले. पण मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याने त्या वर्षी एक काम केले, जे शंभर वर्षांनंतरच्या सरकारांनी केले नाही. त्यांनी मृत्यू समाजगटांनुसार मोजले. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, वरच्या जातींचे म्हणावेत असे इतर हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना अहवालाने खालच्या जातीचे हिंदू म्हटले, त्यांच्यात ६१.६.

हा आकडा पुन्हा वाचा. विषाणूने जात विचारली नव्हती. जात चाळीत होती, एका खोलीत दहा माणसे झोपत होती त्या खोलीत होती, अंगात ताप घेऊन गिरणीत किंवा गटारात उतरावे लागत होते त्या मजुरीत होती. मोजले म्हणून आज आपण हे बोलू शकतो. करोनात जातवार मोजणी झालीच नाही, म्हणून आपल्याला "वाटते" असे म्हणावे लागते, आणि समोरचा लगेच विचारतो, पुरावा काय?

मोजणीचे राजकारण बाबासाहेबांनी ओळखले होते

पुरावा मागणारा आणि पुरावा तयार होऊ न देणारा, हे अनेकदा एकच असतात. १९३२ साली मताधिकार ठरवण्यासाठी लोथियन समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांची संख्या किती, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. संयुक्त प्रांतात जनगणनेप्रमाणे कोटीच्या वर असलेली संख्या तिथल्या प्रांतिक समितीने काही लाखांवर आणून ठेवली. बंगालमध्येही तेच. माणसे नाहीशी झाली होती का? नाही. अस्पृश्यता ओळखण्याची कसोटी अशी अरुंद केली होती की बहुतेक जण तिच्यातून गळून पडावेत. प्रत्यक्ष स्पर्शाचा विटाळ मानतात का, एवढेच विचारले की शहरातल्या, गिरणीतल्या, रेल्वेतल्या माणसाबद्दल "नाही" हे उत्तर येते. बाबासाहेबांनी आपल्या टिपणात नेमके यावर बोट ठेवले. शब्दशः अर्थाने विटाळ दिसत नसला तरी मनातली, व्यवहारातली अस्पृश्यता शिल्लक असतेच, आणि मोजायची ती हीच, असा त्यांचा आग्रह होता.

आमच्या मते निगेटिव्ह रिपोर्टचा प्रश्न या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. कसोटी अरुंद ठेवा, निकाल निगेटिव्ह येईल, मग म्हणा की समस्याच नाही. कमी संख्या म्हणजे कमी जागा, कमी निधी, कमी भरपाई. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात "जातीवाचक शब्द उच्चारल्याचा साक्षीदार नाही", गटारात मेलेल्याबद्दल "तो आमचा कर्मचारी नव्हता", आणि करोनात "रिपोर्ट निगेटिव्ह". तिन्ही ठिकाणी सिद्ध करण्याचे ओझे मेलेल्याच्या घरावर.

"मग सगळेच न्यूमोनिया करोनात धरायचे का?"

हा आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. क्षयरोग, साधा न्यूमोनिया, हृदयविकार यांनीही दम लागतो. प्रत्येक मृत्यू करोनाचा म्हटला तर क्षयाने मेलेला माणूस पुन्हा अदृश्य होईल, आणि क्षय हा आपल्याच वस्त्यांचा रोग आहे. म्हणून आमची मागणी सरसकट धरण्याची नाही. सिद्ध, संशयित आणि अन्य असे तीन रकाने ठेवा आणि तिन्ही जाहीर करा, एवढीच मागणी आहे. न्यूयॉर्कने ते केले. संकेतांक आपल्याकडेही होता.

रकाना लपवला की काय होते ते देशाच्या आकड्यांत दिसते. नागरी नोंदणीप्रमाणे २०२० साली देशात ८१.२ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ साली १.०२ कोटी. म्हणजे एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. यातला काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल. पण २०२१ मधले सरकारी करोना मृत्यू साडेतीन लाखांच्या आतच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दोन वर्षांतल्या भारतातल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख असा मांडला, सरकारने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद पद्धतीचा असू शकतो. पण २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारणाचा दाखला होता, ही सरकारचीच आकडेवारी आहे. शंभरातली सत्याहत्तर माणसे कशाने गेली, हे डॉक्टरने लिहिलेलेच नाही, तिथे ठामपणे "करोनाने नाही" कोण म्हणू शकतो?

न्यायालयाने दार उघडले, ते कळले किती जणांना?

३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोना मृत्यूंसाठी अनुग्रह साहाय्य ठरवा आणि दाखल्याची पद्धत सोपी करा, असा आदेश दिला. त्यानंतर ३ सप्टेंबर २०२१ च्या सूचनांमध्ये मंत्रालय आणि आयसीएमआर यांनी मान्य केले की रुग्णालयात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तपासण्यांच्या आधारे निदान केले असेल तर तोही करोनाचा रुग्ण, आणि त्या निदानापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू करोनाचा मृत्यू. दाखल्यावर समाधान नसेल तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद. रक्कम ठरली ५० हजार. ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात न्यायालयाने स्पष्ट केले की दाखल्यावर करोना लिहिलेले नाही, एवढ्या कारणावर कोणालाही नाकारता येणार नाही.

म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टवाल्या घराला हक्क होता. पण २४ मार्च २०२२ च्या आदेशाने जुन्या मृत्यूंच्या दाव्यासाठी ६० दिवसांची मुदत ठेवली. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रे स्कॅन करून, समितीपुढे केस पेपर घेऊन. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला गेलेल्या, घरकाम करणाऱ्या विधवेला हे कोणी सांगितले? ज्या घरात शिकलेला पोरगा होता, त्या घराने अर्ज केला. बाकीच्यांनी निगेटिव्ह रिपोर्ट पाहून स्वतःच ठरवले की आपल्याला मिळणार नाही. हक्क नाकारण्याची सर्वांत स्वस्त पद्धत हीच. माणसाने स्वतःच स्वतःला अपात्र समजावे.

पुढच्या साथीआधी

करोना शेवटची साथ नाही. पुढची येईल तेव्हाही पहिली काही महिने चाचणी अपुरी असेल, महाग असेल आणि चुकतही असेल. म्हणून काही गोष्टी कार्यकर्त्यांनी आजच पक्क्या कराव्यात.

पहिली, कागद. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे. त्या नोंदी जपण्याची सक्ती मात्र तीनच वर्षांची. २०२१ ची मुदत उलटून गेली आहे. ज्या घरात त्या काळातले केस पेपर, स्कॅन, बिले आहेत, त्यांनी ती टाकू नयेत. वस्तीवस्तीत त्यांच्या प्रती जमा करा. तो आपला दप्तरखाना आहे.

दुसरी, मृत्यूचे कारण. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. अंत्यविधीच्या घाईत ती मागायची राहून जाते. विहारातल्या, मंडळातल्या एका तरी माणसाने हे काम आपले समजावे. "संशयित" हा शब्द डॉक्टरने तोंडी उच्चारला असेल तर तो कागदावर लिहून घ्या.

तिसरी, मागणी. साथीत संशयित मृत्यूंचा वेगळा रकाना रोज जाहीर व्हावा, कामगारांच्या विम्याला प्रयोगशाळेच्या शिक्क्याऐवजी डॉक्टरचे निदान पुरेसे असावे, आणि १९१८ साली मुंबई महापालिकेला जमले तसे मृत्यू समाजगटांनुसार मोजावेत. जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्यांनी जातनिहाय मृत्यूंचीही मागणी केली पाहिजे. आपण जगलो किती हे मोजा, तसेच मेलो किती आणि कशाने तेही मोजा.

१९१८ मधला तो ६१.६ चा आकडा कोणा इंग्रज अधिकाऱ्याने दयेपोटी लिहिलेला नाही. रकाना होता म्हणून तो भरला गेला. आपल्या नातवंडांनी २०२१ बद्दल विचारले तर दाखवायला आपल्याकडे तसा रकाना नाही. पिशव्यांत घडी घातलेले रिपोर्ट तेवढे आहेत. ते जपा, एकत्र करा, मांडा.

जयभीम!